तिझी, इघिल, इमी... अमाझिग गावांची नावं कशी वाचावीत?

नकाशावाली

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मोरोक्कोच्या डोंगरी भागात भूकंप झाला, तेव्हा बातम्यांत एक नाव सारखं येत होतं : इघिल. ६.८ तीव्रतेच्या त्या धक्क्याचं केंद्र या गावाजवळ होतं. २,९०० हून जास्त माणसं त्यात गेली. वार्ताहर ते नाव आपापल्या परीने उच्चारत होते, पण त्याला काही अर्थ असेल असं कुणाच्या बोलण्यात आलं नाही. तिथल्या ताशेल्हित बोलीत इघिल म्हणजे बाहू. डोंगराच्या मुख्य अंगातून फुटून दरीकडे उतरणारी सोंड असते ना, तिलाही इघिलच म्हणतात. गाव सोंडेवर वसलं, म्हणून गावही इघिल. तेव्हापासून मला या नावांचा नाद लागला आहे आणि जे जमलं ते इथे मांडते आहे.

मोरोक्कोपासून इजिप्तच्या सीवा मरूद्यानापर्यंत अमाझिग लोकांच्या भाषा विखुरल्या आहेत. बाहेरच्या जगात हे लोक बर्बर या नावाने ओळखले जातात. भाषा एक नाही. सूस खोऱ्यात आणि मोरोक्कोतल्या उच्च ॲटलस डोंगरांमध्ये ताशेल्हित, मध्य ॲटलसमध्ये तामाझिग्त, रीफ डोंगरात तारिफित, अल्जीरियात कबाइली आणि शाविया, सहारात तुआरेगांच्या बोली. पण गावांच्या नावांत येणारे बरेच शब्द थोड्या फरकाने सगळीकडे भेटतात. त्यामुळे मोजके शब्द ओळखीचे झाले की शेकडो नावं उलगडतात.

तिझी म्हणजे खिंड. मराकेशहून वारझाझातला जाणारा रस्ता २,२६० मीटर उंचीवरच्या तिझी न तिश्का या खिंडीतून जातो, तारूदांतकडे जाणारा तिझी न तेस्तमधून. अल्जीरियातल्या कबाइलिया भागातलं तिझी उझू हे मोठं शहर, पण नाव खिंडीचंच. उझ्झू म्हणजे पिवळ्या फुलांचं एक काटेरी झुडूप, त्या झुडपांची खिंड. अद्रार म्हणजे डोंगर. अझ्रू म्हणजे खडक, आणि मध्य ॲटलसमधल्या अझ्रू गावात तो खडक आजही वस्तीच्या मधोमध उभा आहे. इफ्री म्हणजे गुहा, तिचं अनेकवचन इफ्रान. आज बर्फ बघायला गर्दी होते ते इफ्रान शहर म्हणजे नुसतं 'गुहा'. लिबियाच्या नफूसा डोंगरातलं येफ्रेन याच कुळातलं मानतात.

मला सगळ्यात भावतात ती शरीराच्या अवयवांवरून पडलेली नावं. इघिल बाहू, इघिर खांदा, तित डोळा, इमी तोंड. देम्नातजवळ नदीने खडक कोरून नैसर्गिक पूल केला आहे, त्याचं नाव इमी न इफ्री, गुहेचं तोंड. मराकेश-अगादीर रस्त्यावरचं इमिन्तानूत म्हणजे इमी न तानूत, लहान विहिरीचं तोंड. अगादीरचं जुनं नाव अगादीर न इघिर असं सांगतात : समुद्रात घुसलेल्या खांद्यावरचा कोट.

'आइत' हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा. त्याचा अर्थ 'अमक्याची लेकरं, अमक्याचे लोक'. आइत मेल्लूल, आइत बाहा, आइत बुगेमेझ. कबाइलियात तेच 'आत' होतं. म्हणजे तिझी, अझ्रू, इमी ही नावं जमीन सांगतात आणि आइत हे नाव माणसं सांगतं. जमात हलली की आइतचं नावही तिच्याबरोबर हलतं, म्हणून एकच आइत दूरदूरच्या दोन खोऱ्यांत सापडला तर गोंधळून जाऊ नये.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलं असेल, फिरलं असेल तर भर घाला.

---

सह्यवाटा

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. सोंड, खिंड, घळ हे शब्द आम्हा भटक्यांच्या रोजच्या तोंडातले, त्यामुळे लगेच पोचलं.

एक शंका. बरीच नावं 'त'ने सुरू होतात आणि 'त'नेच संपतात. तानूत, तिस्लित, तामाझिग्त. हे काय आहे?

---

नकाशावाली

सह्यवाटा, बरोबर हेरलंत. पुल्लिंगी नामाच्या दोन्ही बाजूंना त लागला की स्त्रीलिंग होतं, आणि वस्तूंच्या बाबतीत स्त्रीलिंग म्हणजे बहुतेकदा त्याच गोष्टीचं लहान रूप. अनू विहीर, तानूत लहान विहीर. अघबालू झरा, तघबालूत छोटा झरा. इघ्रेम म्हणजे तटबंदीचं गाव, तिघ्रेम्त म्हणजे एका घराण्याची बुरुजांची गढी. अवरीर टेकडी, तावरीर्त लहान टेकडी.

तावरीर्त हे नाव तर कुठे कुठे आहे बघा. पूर्व मोरोक्कोत त्या नावाचं शहर आहे, वारझाझातची प्रसिद्ध गढी तावरीर्तचीच, आणि कबाइलियात तावरीर्त मिमून, म्हणजे मिमूनची टेकडी. देश दोन, बोली वेगळ्या, टेकडीला शब्द एकच.

मधला सुटा 'न' म्हणजे आपला चा-ची-चे. तिझी न तिश्का, तिश्काची खिंड.

---

मीठभाकर

इमिल्शिलजवळच्या दोन तळ्यांची नावं इस्ली आणि तिस्लित. नवरा आणि नवरी! घरच्यांनी लग्नाला नकार दिलेल्या दोन प्रेमिकांच्या आसवांची ती तळी झाली अशी कथा आहे. तिथल्या यात्रेत लग्नं लागतात. तिस्लितमधले दोन 'त' आता कळले.

---

दर्यापार

कामानिमित्त बरीच वर्षं कासाब्लांकात आहे. नकाशावालीताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण नकाशा हातात घेणाऱ्याला एक धोका सांगायलाच हवा. आपण जे वाचतो ते अमाझिग नाव नसतं, फ्रेंच कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते असतं. या भाषांत उर्दूतल्या 'ग़म'मधल्या ग़ सारखा एक घशातला आवाज आहे. तो फ्रेंचांनी कधी ग सारखा (gh) लिहिला, कधी र सारखा (rh) लिहिला. म्हणून टिनगीर हेच गाव दुसऱ्या नकाशावर 'टिनेरहीर' दिसतं, इघेर्म हे 'इरहेर्म' होतं. मी सुरुवातीला ही दोन वेगळी गावं समजत होतो. 'न'च्या पुढे वर स्वल्पविराम टांगून (n') तो शब्द पुढच्या नावाला चिकटवायची पद्धतही फ्रेंचच.

त्यावर अरबी लिपीचा थर वेगळा. अरबीत 'आइत'ला समांतर शब्द 'बनी' आणि 'उलाद'. कागदोपत्री कबाइलियातलं आत यन्नी हे 'बेनी येन्नी' झालं. काही ठिकाणी दोन्ही थर एकाच नावात दिसतात. आइत बेन्हद्दू घ्या. औनिला खोऱ्यातलं हे मातीचं गाव १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. 'आइत' म्हणजे लेकरं, 'बेन' म्हणजेही अरबीत पुत्र. हद्दूच्या मुलाची लेकरं.

मोरोक्कोत २००१ मध्ये अमाझिग संस्कृतीची राजसंस्था स्थापन झाली, २००३ मध्ये अमाझिगांची स्वतःची तिफिनाघ लिपी शिक्षणासाठी ठरली आणि २०११ च्या राज्यघटनेने भाषेला अधिकृत दर्जा दिला. आता सरकारी इमारतींवर तिफिनाघ दिसते. फलकावर तिफिनाघ असेल तर ती वाचायला शिका असं मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अक्षरं थोडी आहेत, पटकन येतात, आणि घशातला ग़ तिथे स्वतःच्या अक्षराने लिहिलेला असतो.

---

शब्दसाधक

एक विनंती. धाग्यात 'अमाझिग' वापरलंय ते पुढेही तसंच ठेवावं. ग्रीकांनी परक्या बोलीच्या लोकांना जे नाव दिलं, तेच लॅटिन आणि अरबीतून फिरत या लोकांना चिकटलं. संस्कृतातला आणि मराठीतला 'बर्बर' ऐकला की आपल्या मनात रानटी, क्रूर हाच अर्थ येतो. 'बर्बर गावं' असं मथळ्यात लिहिलं असतं तर मराठी वाचकाने धागा उघडण्याआधीच मत करून घेतलं असतं. एकाला अमाझिग, अनेकांना इमाझिघेन.

---

नकाशावाली

+१. म्हणूनच मथळा तसा दिला.

---

पानगळ

मी प्रवासवर्णनांत वाचलेल्या काही व्युत्पत्ती टाकते. वारझाझात = 'वार झाझात', गोंगाटाविना, शांत जागा. तारूदांत = 'तारवा दान', लेकरं गेली; पुरात मुलं वाहून गेली तेव्हा एका आईने फोडलेला टाहो. मराकेश = 'मूर न अकूश', देवाची भूमी. शेफशावेन = इश्शावेन, म्हणजे शिंगं, गावामागच्या दोन सुळक्यांवरून. तेतुआन = तित्तावीन, डोळे. या सगळ्या खऱ्या आहेत का?

---

नकाशावाली

पानगळ, या पाचांना मी एका पंक्तीत बसवणार नाही.

तेतुआन आणि शेफशावेन मला भक्कम वाटतात. शब्द आजही बोलीत जिवंत आहेत, व्याकरण जुळतं आणि जागेवर गेलं की ती गोष्ट डोळ्यांना दिसते. तेतुआनला झरे आहेत (डोळा आणि झरा यांना शब्द एकच), शेफशावेनच्या माथ्यावर दोन शिंगं आहेत. शेफशावेन वसवलं गेलं १४७१ मध्ये, सुळके त्याआधीपासूनचे.

वारझाझातमधला 'वार' म्हणजे 'विना' हे खरं, पण पुढचा भाग बसवून घेतल्यासारखा वाटतो. मराकेशची 'देवाची भूमी' सगळीकडे छापून येते, अभ्यासकांमध्ये मात्र त्यावर एकमत नाही. आणि ते शहर अल्मोराविद घराण्याने १०७० च्या सुमारास वसवलं. सहारातून आलेल्या लोकांनी कुठल्या बोलीतलं नाव ठेवलं हा प्रश्नच आधी सोडवावा लागेल.

तारूदांतची कथा तर उघडच नावावरून रचलेली. पण ती टाकून देऊ नका. नावाचा उगम तिच्यातून कळत नाही, पण त्या खोऱ्यातल्या लोकांना पुराची किती धास्ती होती ते कळतं. माझा नियम एवढाच : जे नाव जमिनीवर बोट ठेवून दाखवता येतं त्यावर आधी विश्वास, जे नाव गोष्ट सांगून पटवावं लागतं त्यावर नंतर.

---

बखरवाचक

कबाइलियाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नावांवरून झालेली ओढाताण तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

जुर्जुरा डोंगररांगेत आत इराथेन नावाची जमात. त्यांच्या मुलखात बुधवारी बाजार भरायचा, म्हणून जागेचं नाव लार्बा नाथ इराथेन. लार्बा हा बुधवारचा अरबी शब्द, पुढचं सगळं कबाइली. १८५७ मध्ये फ्रेंचांनी हा मुलूख जिंकला आणि बाजाराच्या जागी किल्ला बांधून त्याला फोर्ट-नेपोलियन नाव दिलं. नेपोलियन तिसऱ्याची सत्ता गेली तेव्हा त्याचं फोर्ट-नॅशनल झालं. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि बुधवारचा बाजार परत आला. आझेफूनचं पोर्ट-गेदों झालं होतं, तेही परतलं. पण सगळीकडे असं झालं नाही. फ्रेंच काळातलं मिशले हे स्वातंत्र्यानंतर ऐन एल हम्माम झालं, म्हणजे फ्रेंच नाव गेलं आणि अरबी आलं. कबाइली माणसाला यात आपलं काय परत मिळालं?

वर तावरीर्त मिमूनचा उल्लेख आला. लेखक आणि अभ्यासक मुलूद मम्मेरी यांचं हे गाव, आत यन्नींच्या मुलखातलं. जन्म १९१७. मार्च १९८० मध्ये तिझी उझूच्या विद्यापीठात प्राचीन कबाइली काव्यावर त्यांचं व्याख्यान होतं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यातून जे आंदोलन पेटलं ते 'अमाझिग वसंत' म्हणून ओळखलं जातं. अल्जीरियाने तामाझिग्तला (इथे हे नाव तिथल्या सगळ्या अमाझिग बोलींसाठी) राष्ट्रीय भाषा मानलं २००२ मध्ये, अधिकृत २०१६ मध्ये. एका काव्यावरच्या व्याख्यानापासून तिथवर यायला ३६ वर्षं लागली.

अल्जीरियातल्याच मझाब खोऱ्यातही असंच. घार्दाया जगाला माहीत, स्थानिक तिला तघर्दायत म्हणतात. एल अत्तूफचं स्थानिक नाव तर पूर्ण वेगळं, तजनिन्त.

---

कसबा_पेठ

बुधवारचा बाजार वाचून बुधवार पेठ, शनिवार पेठच आठवल्या. तिकडे सगळ्या वारांची गावं आहेत का?

---

दर्यापार

आहेत. त्नीन सोमवार, त्लाता मंगळवार, लार्बा बुधवार, ख्मीस गुरुवार, सब्त शनिवार, हद रविवार. मराकेशजवळ त्नीन औरिका आहे. आठवडी बाजार हा अनेक जमातींचा सामाईक, म्हणून वार अरबीत आणि पुढे जमातीचं किंवा खोऱ्याचं नाव अमाझिग, अशी जोडनावं खूप.

यातच एक अडचण बघा. २०२३ च्या भूकंपात तलात न याकूब या गावाचं फार नुकसान झालं. अरबी बातम्यांत ते नाव मंगळवारच्या शब्दासारखं लिहिलेलं होतं. पण ताशेल्हितमध्ये तलात म्हणजे घळ, ओढ्याने कापलेली. याकूबचा मंगळवार की याकूबची घळ? मला घळच पटते, कारण उच्चारात पहिला 'अ' स्पष्ट ऐकू येतो आणि गावाची जागाही तशीच. लिहिणाऱ्याने ओळखीचा शब्द ऐकला आणि तोच लिहिला, असं घडलं असावं.

---

नकाशावाली

दर्यापार, हे उदाहरण फार मोलाचं. फक्त नकाशा बघून मी हे कधीच पकडू शकले नसते. एमिल लाऊस्त या फ्रेंच अभ्यासकाने १९४० च्या सुमारास उच्च ॲटलसमधली नावं जमवून त्यांचा अभ्यास केला होता. त्या कामाचं बळही यातच आहे की त्याला बोली येत होती.

---

पाणकळा

भूजलात काम करते, त्यामुळे मी या नावांत पाणीच शोधत बसले. आणि किती सापडलं! तित म्हणजे डोळा आणि झराही, अरबीतल्या 'ऐन'सारखंच. तेतुआन आणि ट्युनिशियातलं ततावीन ही दोन्ही त्याचीच अनेकवचनं. अघबालू झरा, अनू विहीर, असिफ नदी, अगेलमाम तळं. असिफ मेल्लूल म्हणजे पांढरी नदी. खनिफ्राजवळ अगेलमाम अझिग्झा आहे. अझेग्झाव हा रंग हिरवाही आणि निळाही, जुन्या बोलीत दोघांना एकच शब्द, आणि त्या तळ्याचं पाणी बघितलं तर त्यांना दुसरा शब्द का लागला नाही ते समजतं. वाळवंटाच्या दारातलं गुलमीमसुद्धा अगेलमीम म्हणजे तळ्यावरूनच.

कोरड्या मुलखात पाण्याच्या जागेला नाव देणं म्हणजे पुढच्या माणसाला जगायची सोय करून ठेवणं. वाटसरूला 'अघबालूला जा' म्हटलं की पाणी कुठे आहे हे त्यात आलंच.

पण आता परिस्थिती बदलते आहे आणि हे मला मनापासून लागतं. गेल्या काही वर्षांच्या दुष्काळांत मध्य ॲटलसमधली तळी आटली. इफ्रानजवळचं दायेत आवा कोरडं पडलं. ताफिलाल्तच्या बाजूला जमिनीखालून उताराने पाणी आणणारे खेत्तारा होते, पंपांनी पाणी खाली गेलं तसे त्यातले कितीतरी बंद पडले. अशा ठिकाणी गावाचं नाव हाच जुन्या झऱ्याचा शेवटचा पुरावा उरतो. माझी कळकळीची सूचना अशी की अघबालू, तित, अनू असलेली सगळी नावं एका नकाशावर मांडून आजच्या पाण्याशी ताडून बघावीत. कुठे पुनर्भरण करायचं याची ती फुकट मिळालेली यादी आहे.

---

सह्यवाटा

पाणकळा, तुमचा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे. लिहा ना.

---

तांबडी_वाळू

थोडं लांबचं. कॅनरी बेटांवर स्पॅनिश लोक येण्याआधी 'ग्वांचे' नावाचे लोक राहत होते, त्यांची भाषा अमाझिग कुळातली. त्यातलं तेनेरीफ बेट १४९६ मध्ये पडलं, भाषा पुढे मेली, नावं राहिली : ताकोरोन्ते, ताझाकोर्ते, तेगेस्ते, तिनाखो. सुरुवातीचा 'त' आता ओळखीचा वाटेल. तेनेरीफचा अर्थ पांढरा डोंगर असा सांगतात, आणि तिथे बर्फ पडणारा तेइदे पर्वत आहे.

दक्षिणेला तुआरेगांकडे 'तिन' म्हणजे 'अमकीची किंवा अमक्याची जागा'. अल्जीरिया-मालीच्या सीमेवर तिन झावातीन आहे. तिंबक्तूही तिन-बुक्तू असं फोडतात, पण बुक्तू कोण यावर वाद आहे, तेव्हा नकाशावालीताईंच्या नियमाने ते नंतरच्या पंक्तीत.

आणि हा त रोमन काळातही दिसतो. संत ऑगस्टीनचा जन्म ३५४ मध्ये थागास्तेत झाला, आज ते सूक अहरास. थेवेस्तेचं तेबेसा झालं, थाब्राकाचं ताबार्का.

---

बखरवाचक

अवांतर, पण आपल्याशी खरा धागा जोडणारं. प्रवासी इब्न बतूता हा मोरोक्कोतल्या तांजियरचा, १३०४ चा जन्म, आणि त्याच्या नावापुढे 'लवाती' लागतं, म्हणजे लवाता या अमाझिग जमातीचा. तो दौलताबादला आला होता, तिथल्या मरहट्टा लोकांबद्दल त्याने लिहिलं आहे, नंदुरबारबद्दलही लिहिलं आहे. आपल्या गावांची नावं एका अमाझिग माणसाच्या कानांनी चौदाव्या शतकात ऐकली आणि अरबीत उतरवली. आज आपण उलट दिशेने ते करतो आहोत.

---

मीठभाकर

हे माहीत नव्हतं! धन्यवाद.

---

डोंगरवेल्हाळ

पुढच्या वसंतात आम्ही काहीजण उच्च ॲटलसमधलं तुबकाल शिखर करणार आहोत. या धाग्यातलं नेमकं काय सोबत न्यावं?

---

नकाशावाली

डोंगरवेल्हाळ, शुभेच्छा! ४,१६७ मीटर आहे, हवामान नीट बघून जा.

इम्लिलपासून चालायला लागाल ते खोरं आइत मिझान लोकांचं, म्हणजे पहिलंच नाव माणसांचं. आजूबाजूला तिझी न तामातेर्त, तिझी म्झिक अशा खिंडी लागतील. सिदी किंवा मूलाय लागलेलं नाव दिसलं तर ते एखाद्या सत्पुरुषाचं, वाटेवर सिदी शम्हारूशचं स्थान लागेलच. ॲटलस हा शब्द मात्र तिथल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. ग्रीकांनी ज्याला ॲटलस म्हटलं त्याला तिथले लोक दिरिस म्हणतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. ताशेल्हितमध्ये आजही त्या रांगेला अद्रार न देर्न म्हणतात.

खेचरवाल्यांना वाटेतल्या प्रत्येक घळीचं, झऱ्याचं, खडकाचं नाव विचारा. नकाशावर नसलेली नावंच जास्त मिळतील. ऐकाल तसं देवनागरीत लिहा, ग़खाली नुक्ता द्यायला विसरू नका, आणि नाव सांगताना त्यांनी कशाकडे बोट दाखवलं तेही लिहून ठेवा. शक्य झालं तर एकच नाव दोन वेगळ्या माणसांकडून ऐका. परत आलात की यादी इथेच टाका. पाणकळा झऱ्यांची नावं वेगळी काढतील, उच्चार दर्यापार तपासतील.

---

दर्यापार

नक्की. आवाज ध्वनिमुद्रित करून आणलेत तर आणखी चांगलं, त्यांची परवानगी घेऊन.